गोमी आणि सोम्याच्या मधली जाळी

मित्रांनो, मी एक जुनी जाळी आहे. गंजलेली, एका कोपऱ्यात वाकलेली. मोरीमागच्या भिंतीला टेकून उभी असते. तुम्ही म्हणाल, हिची कसली आलीय कहाणी! पण ऐका. मनात फार साठलंय.

माझा जन्म वेल्डिंगच्या दुकानात झाला. घरातल्या शाळकरी ठकीच्या बाबांनी उरलेल्या तारांतून मला एका बैठकीत जोडलं. कुणाला लागू नये म्हणून माझ्या कडा कानशीनं घासघास घासल्या. एवढी मेहनत कशासाठी? तर पिंजऱ्याच्या मधोमध उभं राहून एका जोडप्याची ताटातूट करण्यासाठी! असं काम नशिबी यावं, म्हणजे काय म्हणायचं?

ते जोडपं देगूंचं. देगू म्हणजे खारीच्या नात्यातला वाटावा असा छोटा प्राणी, शेपटीच्या टोकाला केसांचा झुपका. त्याला एकटं राहवत नाही, म्हणून ठकीसाठी दोन आणले. दुकानदार छातीठोकपणे म्हणाला होता, "सख्ख्या बहिणी आहेत, बिनघोर न्या." ठकीनं नावं ठेवली गोमी आणि सोमी. तीन महिन्यांनी गोमीला सहा पिल्लं झाली आणि सोमीचा सोम्या झाला! सगळ्यांची हसून पुरेवाट झाली. सोम्या बापही असा गुणी, की गोमी खायला उठली की हा पिल्लांवर पांघरूण होऊन बसायचा. त्या कौतुकात त्याला वेगळं काढायचं कुणालाच सुचलं नाही. गोमी लगेच पुन्हा गाभण राहिली. ती इतकी वाळली, की तिच्या पाठीची हाडं हाताला टोचू लागली.

तेव्हा बाबांनी दोघांना प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई म्हणाल्या, "ही खेप निभेल. तिसरी झेपायची नाही, जीव जाईल तिचा."

"मग ह्याला दुसऱ्या खोलीत ठेवतो," बाबा म्हणाले.

"नको. एकमेकांचा वास विसरतील, आणि परत आणलंत की जिवावर उठतील. पिंजरा एकच ठेवा, मध्ये जाळी घाला. ती बाळंत व्हायच्या थोडं आधी मी ह्याचं नसबंदीचं ऑपरेशन करते. पण त्यानंतरही सहा आठवडे जाळी हलवायची नाही. तोवर ह्याच्या अंगात बीज उरलेलं असतं, धोका असतोच."

पहिली पिल्लं मोठी होऊन दुसऱ्या घरी गेली, आणि अशी मी आले. दोघं माझ्या दोन्ही बाजूंनी पाठी टेकून झोपायची. त्यांची ऊब माझ्या तारांत यायची आणि मला स्वतःचीच लाज वाटायची. ठकी रोज मला म्हणायची, "दुष्ट आहेस तू!"

ऑपरेशनला तीन आठवडे झाले आणि गोमी व्याली. सात पिल्लं. पलीकडून सोम्यानं नुसता आकांत मांडला. शिट्ट्या मारी, मला कुरतडी, दातांतून रक्त आलं तरी थांबेना. ठकी शाळेत, तिचे आईबाबा कामावर. घरात एकटे आजोबा. ते गुडघे धरत खाली बसले. त्यांचे डोळे भरून आले होते.

"अरे, बाप आहेस ना तू त्यांचा," ते म्हणाले. "घटकाभर बघून घे पोरं. ऑपरेशन तर झालंय, काय होतंय एवढ्यानं?"

आणि त्यांनी मला खाचेतून वर उचललं. खोटं कशाला बोलू? मला आनंद झाला. सुटले एकदाची, असं वाटलं. सोम्या धावत जाऊन पिल्लांवर बसला. आजोबांनी अर्ध्या तासानं मला जागेवर सरकवलं आणि कुणाला काही सांगितलं नाही.

देगूची मादी व्याल्यावर त्याच दिवशी पुन्हा गाभण राहू शकते, हे त्या भल्या माणसाला कुठून ठाऊक असणार! सहा आठवडे भरले, बाबांनी मला रीतसर काढलं. पण इतके दिवस थांबल्याचा आता काही उपयोग नव्हता. पुढच्या पंधरवड्यात गोमीचं पोट दिसू लागलं. डॉक्टरीणबाईंनी हात लावून पाहिलं आणि मान खाली घातली. घरी आल्यावर आजोबा एवढंच बोलले, "जाळी मी उचलली होती."

ठकीनं त्यांच्याशी बोलणं टाकलं. सगळे दिवस मोजत राहिले. एका सकाळी बाळंत होता होता गोमी गेली, पोटातल्या पिल्लांसकट. सोम्या तिचे कान साफ करत बसला होता. त्याला बाजूला करायला कुणाचाच हात होईना. आजोबा दाराशी उभे होते. "दया करायला गेलो आणि जीव घेतला गं," असं म्हणून ते लहान मुलासारखे रडले. तेव्हा ठकीनं त्यांच्या कमरेला मिठी घातली.

मित्रांनो, जोडी आणताना नर कोण, मादी कोण, हे जाणत्याकडून तपासून घ्या. दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका. आणि डॉक्टरांनी मध्ये जाळी घालायला सांगितली, तर दिवस पुरे होऊ द्या. आतले जीव रडतील, तुमचं काळीज तुटेल. मीसुद्धा मनातून म्हणत असेन, उचला मला, उचला. माझं अजिबात ऐकू नका.