मी दुप्पटच दाखवते

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. पण माझी कीव करायला कोणी आले असेल, तर त्याने आधी माझ्यातून पाहावे आणि मग बोलावे. माझी लांबी जेमतेम वीतभर. तारे पाहणाऱ्या थोर दुर्बिणींच्या कुळात माझा जन्म झालेला नाही. मी रिव्हॉल्व्हरच्या पाठीवर बसते आणि हरणाच्या शिकारीला जाते. समोरचे जनावर मी दुप्पट मोठे दाखवते. नुसते दुप्पट. त्यावरून मी जन्मभर टोमणे ऐकले, आणि एकही मनाला लावून घेतला नाही.

कारखान्यात माझी भिंगे घासली, नळीत कोरडा वायू भरला आणि दोन्ही तोंडे घट्ट बंद केली. म्हणून कितीही गारठा पडो, माझ्या आत धुके धरत नाही. मधोमध एक बारीक काळी फुली बसवली. माझा खरा गुण मात्र वेगळाच आहे. रायफल गालाशी टेकवतात, म्हणून तिची दुर्बीण डोळ्याजवळ असावी लागते. रिव्हॉल्व्हर हात लांब करून धरतात. तेवढ्या लांबूनही माझ्यात पूर्ण चित्र दिसते. हा फरक नीट ध्यानात ठेवा. एका भल्या माणसाने तो ठेवला नाही आणि त्याच्या कपाळावर तो उमटला.

माझा पहिला मालक विस्कॉन्सिनमधला एक पोस्टमन होता, ऑरिन लुंड. त्याने मला पानगळीचे कितीतरी हंगाम वापरले आणि भेटेल त्याला माझे गुण सांगितले. म्हातारपणी त्याचे हात थरथरू लागले, तेव्हा त्यानेच मला ओपलबाईच्या बंदुकीच्या दुकानात दिले. तिथे काचेच्या कपाटात माझ्यावर धूळ बसली. गिऱ्हाईक वाकून बघायचे, म्हणायचे, "ही काय, खेळण्यातली?" आणि पुढे जायचे. मीही त्यांच्या पाठीकडे बघत मनात म्हणायची, जा बाबांनो, खुशाल जा.

मग एका ऑक्टोबरात आर्लिस टॉलेफसन दुकानात आली. ती शाळेची बस चालवायची. उन्हाळ्यात तिच्या उजव्या खांद्यावर शस्त्रक्रिया झाली होती आणि रायफलचा दणका त्या खांद्याला आता चालणार नव्हता. टॉलेफसनांची रानात लाकडी खोली होती. दर नोव्हेंबरात सारे कुटुंब तिथे शिकारीला जमायचे. ओढ्याकाठच्या मोठ्या झाडाखालची जागा वडिलांनी आर्लिसला दिली होती. आता तिच्या धाकट्या भावाचा, व्हर्लिनचा, त्या जागेवर डोळा होता. त्याला ती आपल्या जावयाला द्यायची होती.

"यंदा तू खोलीतच थांब ना," तो म्हणाला. "मस्त तिखट खिमा-राजम्याची चिली शिजव. तुझ्या हातच्या चिलीला तोड नाही."

"चिली तूच शिजव. मी रिव्हॉल्व्हर घेऊन बसणार आहे."

त्यांच्याकडे एक रीत आहे. ज्याचा नेम चुकला त्याच्या शर्टाचा मागचा लोंबता काठ, म्हणजे शेपटी, कापायची आणि भिंतीवर ठोकायची. व्हर्लिनच्या शेपट्यांची तर तिथे रांगच होती.

"तुझा नेम चुकला तर शेपटीवर भागणार नाही," तो म्हणाला. "जागा सोडायची."

"आणि नाही चुकला तर?"

"तर हा विषय मी पुन्हा काढणार नाही."

तसा व्हर्लिन मनाचा वाईट नव्हता. त्याने आपल्या रायफलची भलीमोठी दुर्बीण काढून बहिणीच्या रिव्हॉल्व्हरवर बसवली आणि दोघे खडीच्या खाणीत सरावाला गेले. ओपलबाईही पेटीभर सामान घेऊन आली होती. त्या पेटीत मीही होते. आर्लिसने हात लांब करून पाहिले.

"सगळा काळोख आहे रे. मधे वाटाण्याएवढं भोक दिसतंय."

"अगं, डोळ्याजवळ घे ना!"

"तूच दाखव कसं ते."

त्याने दाखवले. रिव्हॉल्व्हर उसळले आणि दुर्बिणीच्या कडेने त्याच्या भुवईवर लाल चंद्रकोर काढली.

"दिसलं का काही?" आर्लिसने रुमाल पुढे करत विचारले.

"काजवे दिसले," तो म्हणाला आणि रुमाल भुवईवर दाबला.

नंतर लाल ठिपका दाखवणारे नवे यंत्र लावून पाहिले. आर्लिसच्या डोळ्यात दोष होता. "हा ठिपका नाही ओपल, फुटलेला टोमॅटो आहे," ती म्हणाली. ज्याला ठिपका गोल दिसतो त्याने तो खुशाल घ्यावा. माझे त्याच्याशी वैर नाही. मग नऊपट दाखवणारी दुर्बीण आली. तिच्यात हाताची थरथरसुद्धा नऊपट झाली, आणि समोर ठेवलेली कागदी ताटली नाचू लागली.

"ती छोटी लाव," आर्लिस म्हणाली.

"ती? अगं, ती माझ्या सासूपेक्षा म्हातारी आहे," व्हर्लिन म्हणाला.

"तुझी सासू अजून पत्त्यांत सगळ्यांना लोळवते."

मला बसवले. माझ्यात ताटली शांत उभी राहिली. गोळ्या एकमेकींच्या शेजारी बसल्या. पण आर्लिस तेवढ्यावर थांबली नाही. ताटली मागे मागे नेत तिने आपली हद्द शोधली: इथपर्यंत प्रत्येक गोळी ताटलीत, त्यापुढे भरवसा नाही. तेवढेच अंतर मोजून तिने ओढ्यापलीकडच्या एका भुर्जाच्या झाडाला नारंगी फीत बांधली. फितीपलीकडच्या जनावरावर गोळी झाडायची नाही, असे तिने ठरवले.

हंगामाच्या पहिल्या सकाळी मोठ्या शिंगांचा नर आला आणि कापलेल्या मक्याच्या रानात उभा राहिला. फितीच्या बराच पलीकडे. आर्लिसने मला त्याच्यावर धरले. माझ्यात तो लहानच दिसला. तिने नळी खाली घेतली आणि नर झाडीत गेला.

व्हर्लिनने आपल्या जागेवरून ते पाहिले होते. तो बर्फ तुडवत आला.

"झाडली का नाहीस? त्या बुटकीतून दिसला तरी का तो?"

"दिसला. लांब दिसला, कारण लांब होता."

"असा नर कोणी सोडतं का? अशाने जागा..."

"चुकले का मी?"

"नाही, पण..."

"मग परत जा. तुझ्या बुटांच्या आवाजाने रान रिकामं होईल."

दुपार कलली. गारठा वाढला. तिचे बोट आखडले, आणि यंदा हात रिकामेच जाणार असे तिला वाटू लागले. तेव्हा एक हरिणी ओढा ओलांडून फितीच्या अलीकडे आली. आर्लिसने वाळूच्या पिशवीवर मनगटे टेकवली. फुली हरिणीच्या खांद्यामागे स्थिर झाली. एक बार झाला. हरिणी काही पावले धावली आणि आडवी झाली. आर्लिस तिच्याजवळ गेली, हातमोजा काढला आणि तिच्या मानेवर क्षणभर हात ठेवला.

व्हर्लिन आणि जावई आले.

"एकाच गोळीत?" व्हर्लिनने विचारले.

"एकाच."

"नशीब म्हणायचं."

"नशीब म्हण, नाहीतर काहीही म्हण. माझ्या खांद्याला ओढता येत नाही. चल, धर पाय."

त्याने पाय धरले. चढावर त्याचा श्वास फुलला. अर्ध्या वाटेत थांबून तो जावयाला म्हणाला, "तुझ्यासाठी आपण दुसरं झाड बघू."

मित्रांनो, मी अजून आर्लिसकडेच आहे. माझी जागा घ्यायला नव्या दुर्बिणी दरवर्षी येतात, येऊ देत. तुम्हाला त्या घ्यायच्या तर घ्या, पण दुसऱ्याच्या तोंडचे कौतुक ऐकून घेऊ नका. आपल्या हातात धरा, आपल्या डोळ्याने पाहा. माझ्यासारखीला सांभाळत असाल तर भिंगे मऊ कापडाने पुसा, स्क्रू सैल होऊ देऊ नका, आणि मला धक्का लागला असेल तर कागदी ताटलीवर पुन्हा पारखल्याशिवाय रानात नेऊ नका. आपल्या आळसापायी एखादे मुके जनावर जखमी होऊन दिवसभर झाडीत पडून राहील, याचा विचार करा. तेवढे करायला वेळ नसेल तर मला घरीच ठेवा. मी रागावणार नाही. पण तुम्हीही तिथेच थांबा.