शुभविवाह, गुण बावीस

"तुमच्या हापिसातले किती धरू?" बिजलीबाईने नवऱ्याला विचारलं. आचारी शेजारीच उभा होता. त्याला रविवारच्या बुंदीचा अंदाज हवा होता.

"सगळेच येतीन," रामधन आडे म्हणाला.

"येतो म्हून एखादा बोलला काय?"

बिजलीबाई घरात गोरबोली, म्हणजे बंजाऱ्यांची बोली बोलते. टोमणे मात्र वऱ्हाडीत मारते, म्हणजे मांडव घालायला बाहेरून आलेल्या माणसांचीही गैरसोय होत नाही.

बोललं कुणीच नव्हतं. रामधन मांडवाचा दोर ओढून पाहू लागला. तो दोर पक्का होता.

नेरमधल्या एका शिक्षण संस्थेच्या कचेरीत रामधन मेल सर्व्हर सांभाळायचा. तांड्यावरून रोज मोटरसायकलने जायचा, रोज परत यायचा. इतक्या वर्षांत कचेरीतलं एकही माणूस तांड्यावर आलं नव्हतं. त्यांना तसं कारणच पडलं नाही, असं तो घरी सांगायचा. आता कारण पडलं होतं. एकुलत्या एक जयाचं लग्न होतं आणि कचेरीची माणसं येणार, हे त्याने अख्ख्या तांड्याला सांगून टाकलं होतं. ती आली नाहीत, तर इतकी वर्षं तो कुठे जात होता, असा प्रश्न तांड्याला पडला असता. खरं तर तो त्यालाही पडला असता.

"आमच्यात सुपारी हातात देतेत," बिजलीबाई म्हणाली. "तुमी वाऱ्यावर सोडली."

वाऱ्यावर म्हणजे मेलवर. पूर्वी कचेरीचा व्हॉट्सॲप ग्रुप होता. संचालक मंडळाच्या निवडणुकीत तो फुटला आणि तेव्हापासून सगळी निमंत्रणं संस्थेच्या मेलवरून जाऊ लागली. मजकूर ठरलेला होता: 'येत्या रविवारी शुभविवाह, पत्रिका सोबत जोडली आहे.' पत्रिका उघडायची रीत नव्हती. एकदा मेल पाठवला की पुन्हा तोंडी बोलवायचं नाही, ते गयावया केल्यासारखं दिसतं, हीही रीतच. आणि ज्याला मेल आला नाही त्याने तर मेला तरी विचारायचं नाही. मानी माणसांची संस्था होती. दोन वर्षांपासून कचेरीत कुणी कुणाच्या लग्नाला गेलं नव्हतं आणि त्याबद्दल कुणी कुणाशी बोलतही नव्हतं. लेखा विभागाच्या कांताबाई आणि सचिव बबनराव एकमेकांशी फक्त शिपायामार्फत बोलायचे. कांताबाईंनी रामधनला चहा विचारणंही बंद केलं होतं. का, ते त्याने विचारलं नव्हतं. तोही मानीच होता.

पण आचारी उभा होता. रामधनने मोटरसायकल काढली आणि आपला मेल पोचला तरी की नाही हे बघायला तो कचेरीत गेला.

त्याचं सगळं काम काळ्या पडद्यावर चालायचं. त्यात चित्र नाही, बटण नाही. एक ओळ लिहायची, एंटर दाबायचा आणि काहीच झालं नाही तर झालं असं समजायचं. सर्व्हरवर कचरा मेल अडवणारी एक चाळणी होती. ती प्रत्येक मेलला गुण द्यायची. शाळेत गुण जास्त म्हणजे पोरगं हुशार. चाळणीत गुण जास्त म्हणजे मेल नालायक. पाचाच्या वर गेला की अडवला.

रामधनने नोंदी उघडल्या. जयाच्या लग्नाचं निमंत्रण: गुण बावीस. अडवलं.

त्याच्या वरच, मेलेल्या चुलत्याची दौलत अर्धी-अर्धी वाटून घेऊ म्हणणाऱ्या कुण्या परदेशी राजपुत्राला चाळणीने अठरा दिले होते.

मग त्याला आठवलं. दोन वर्षांपूर्वीच्या लग्नसराईत लोकांनी वजनदार पत्रिका पाठवून सर्व्हर तुंबवला होता. बबनरावांचा एक तातडीचा मेल त्यात अडकला आणि ते कडाडले, "रामधन, हा कचरा बंद कर." चाळणीला शिकवता येतं. हा कचरा, हे चांगलं, असं दाखवलं की ती शब्द ओळखून ठेवते. रामधनने पत्रिकांचं अख्खं फोल्डर दाखवून एका ओळीत सांगितलं होतं: हा कचरा. चाळणी गुणी निघाली. 'शुभविवाह', 'सहपरिवार', 'आग्रहाचे निमंत्रण' तिने पाठ केलं. 'उपस्थितीचा लाभ' तर तिला लॉटरीवाल्यांमुळे आधीपासूनच येत होतं.

रामधन अडवलेले मेल तपासायचा, पण फक्त संशयितांचे, दहाच्या आतले. त्यापुढचं बघणं म्हणजे घंटागाडीत डोकं घालणं. आज त्याने घातलं. तळाशी कांताबाईंच्या मुलाचं, नयनचं लग्न होतं, गुण तेच बावीस. वर बबनरावांच्या प्रेरणाचं. संस्थेतल्या सगळ्या रुसव्यांचं मूळ त्याच्या टेबलाखाली ठेवलेलं होतं आणि गरम हवा सोडत होतं.

आधी आपलं निमंत्रण सोडवू, बाकीचं लग्न झाल्यावर निस्तरू, असं त्याने ठरवलं. ओळ लिहिली: ज्यांच्या विषयात 'शुभविवाह' आहे ते सोड. एंटर. काहीच झालं नाही.

म्हणजे झालं. पुढच्या खोलीत कांताबाईंचा फोन वाजला. मग पुन्हा वाजला. मग कचेरीभर फोन वाजत राहिले, कारण विषयात 'शुभविवाह' सगळ्यांच्याच होतं.

तो उठून कांताबाईंच्या दाराशी गेला. त्यांनी फोनवरून नजर न उचलता "काय हाये?" विचारलं.

"काई नाई," रामधन म्हणाला आणि परत आला.

त्याने सगळ्यांना खुलाशाचा मेल लिहिला: जुन्या शुभविवाहांची आग्रहाची निमंत्रणं चुकून सुटली आहेत, त्या शुभविवाहांना कुणी सहपरिवार जाऊ नये, माझ्या जयाचा शुभविवाह तेवढा खरा आहे. मेल पाठवला आणि हळदीला उशीर होतोय म्हणून तो निघाला. चाळणीचे धडे बदलायचे राहून गेले होते. खुलाशाला तिने एकोणतीस दिले.

रविवारी सकाळी बबनराव पांढरेशुभ्र कपडे घालून, दोन कारकुनांना बरोबर घेऊन कांताबाईंच्या दारात उतरले. हातात कागद लावलेला डिनर सेट होता. बाईंनी अखेर बोलावलं, याचा त्यांना मनातून आनंद झाला होता, म्हणून चेहरा त्यांनी अधिकच गंभीर ठेवला होता. दारात मांडव नव्हता. कांताबाई मात्र जरीचं लुगडं नेसून, हातात आहेर घेऊन बाहेरच पडत होत्या.

"लग्न कुठी हाये?" बबनराव थेट त्यांच्याशीच बोलले, शिपाई नव्हता म्हणून.

"तेच तर. तुमच्या घरी नाई काय? मी तुमच्या प्रेरणाच्याच लग्नाले चालली."

"प्रेरणा नांदून राह्यली पुण्यात. मी तुमच्या नयनच्या लग्नाले आलो."

कांताबाईंनी आत हाक मारली. सून एक गुटगुटीत पोरगं कडेवर घेऊन आली. "हे नयनचं," कांताबाई म्हणाल्या. "तुमी जरा उशिरा आले."

आधी एक कारकून हसला. मग बबनराव ओट्यावर बसून हसले, इतके की सुनेने पाणी आणून दिलं. दोन वर्षांचा अबोला त्या ओट्यावर संपला. दोघांनी एकमेकांच्या फोनमध्ये पाहिलं, पत्रिका उघडल्या आणि तारखा वाचल्या. नंतर तिसरं निमंत्रण निघालं.

"हेबी जुनंच असन," बबनराव म्हणाले.

"जया कुवारी हाये अजून," कांताबाई म्हणाल्या. "अन् हे सगळं त्या रामधनचंच काम हाये. चला, तेले विचारूनच येऊ. आहेर तं घेतलाच हाये."

त्यांनी वाटेत घराघरांतून बाकीचे गोळा केले. कुणी सापडलं नटूनथटून चुकीच्या गावाला निघालेलं, कुणी चुकीच्या गावाहून परतलेलं. सगळे एका मालवाहू गाडीत चढले. नातूही.

गाडी तांड्यावर पोचली तेव्हा लग्न लागून गेलं होतं. रामधन पंगतीत वाढत होता. त्याने गाडी पाहिली, हातातली बादली खाली ठेवली आणि पुन्हा उचलली.

"बावीस गुण देल्ले म्हने आमच्या पोराले?" कांताबाईंनी सगळ्यांदेखत विचारलं. अख्खा किस्सा बबनरावांच्या कारकुनाने सुटलेल्या मेलवर छापलेले गुण वाचून वाटेतच उलगडला होता; त्याने संगणकाचा कोर्स केला होता.

"चाळणीनं देल्ले, ताई."

"शिकवलं कोनं?"

रामधनने बबनरावांकडे पाहिलं. हुकूम कुणाचा होता ते बबनरावांना आता आठवलं. ते घाईघाईने पंगतीत मांडी घालून बसले आणि आणखी बुंदी वाढ म्हणाले.

कचेरी जेवली. बायांनी कांताबाईंना नाचात ओढलं. त्यांचा पाय चुकत होता आणि त्यांना त्याची फिकीर नव्हती. जाणारी नवरी गळ्यात पडून निरोपाचा ढावलो गाते, नात्यातल्या एकेकाचं नाव घेत रडते. जयाने आईचं नाव घेतलं, मावश्यांचं घेतलं. मग ती वळली आणि बापाच्या तोंडून वर्षानुवर्षं नाव ऐकलेल्या कांताबाईंच्या गळ्यात पडून तोच सूर तिने पुढे नेला. कांताबाईंना गोरबोली येत नव्हती. त्यातलं आपलं नाव तेवढं त्यांना कळलं. जरीची बाजू आत घेऊन त्यांनी पदराची चुंबळ खांद्यावर ठेवली, जयाच्या गालाला टोचू नये म्हणून, आणि तिचं डोकं त्यावर टेकवलं.