कलेजी आणि शेपटीची चरबी

ओशच्या बाजारात मामासादिकचं पोट त्याच्या आधी पोचायचं. असा हा खवय्या मुलासाठी मुलगी मागायला उंच पामीर पठारावरच्या मुरगाबला चढला आणि आल्यापासून नुसता चहा ढोसत बसला. रश्श्याचा वास आला की तोंड फिरवायचा. बघता बघता विजार घसरायला लागली, म्हणून एका हाताने ती धरून दुसऱ्याने सलाम करायचा.

इकडे अनारकानचा जीव टांगणीला लागला होता. कलेजी आणि मेंढीच्या शेपटीची चरबी दोन्ही बापांनी एका ताटातून खाल्ली की सोयरीक पक्की; नाही खाल्ली तर आले तसे चालते व्हा. आणि तिला तर मामासादिकचा इलियासच हवा होता, दुसरा कुणी नको.

"बाबा, इथली हवा विरळ. खालच्या माणसाची भूकच मरते हो," तिने सांगून पाहिलं.

"मग आपण काय हवा खातो?" तोख्तोसुन गुरकावला. "नखरे नुसते! मुलगी पसंत नाही, दुसरं काय!"

ताट आलं. चरबी लुसलुशीत, थलथलत होती. मामासादिकने डोळे मिटून तुकडा तोंडात टाकला आणि पुढच्याच क्षणी तोंड दाबून बाहेर धावला. विजारीने त्याला उंबऱ्यापर्यंतच साथ दिली.

"झालं!" तोख्तोसुनने मांडीवर थाप मारली. "ओकला! म्हणजे नकारच की. बांधा म्हणावं बोचकं."

अपमान झालेल्या माणसाचा चेहरा इतका खुलतो होय? अनारकानने ताटात पाहिलं. बापाचा वाटा जसाच्या तसा होता.

"आणि तुमचा घास?"

"खातो की. घाई कसली?"

"तुमचा तर जन्म इथला, बाबा. तुमची भूक कशाने मेली?"

एवढा धिप्पाड तोख्तोसुन, पण लहान पोरासारखं त्याने ताट दूर सारलं.

"ओश फार लांब आहे गं, पोरी."

तिचा सगळा राग कुठल्या कुठे गेला. ती त्याला चिकटून बसली, रडली, आणि घास उचलून तिनेच त्याच्या तोंडापाशी धरला. त्याने तो बराच वेळ चावला. मग गिळला.

मामासादिक पांढराफटक होऊन आत आला. बिचारा पुन्हा ताटाकडे हात नेऊ लागला, तसा तोख्तोसुनने तो धरला.

"राहू द्या, व्याही. नुसतं ओठाला लावा. पोटभर आपल्या घरी गेल्यावर खा. ही घालेल करून."