दुसरा पेला

"आधी खा, मग पी," बेल्मीरु म्हणाला. "जिभेला चरबी लागल्याशिवाय बागाची वाईन कळायची नाही."

"चाळीस वर्षं हेच ऐकतेय. आता शिकव मला," इदालिना म्हणाली आणि गुडघे धरून कण्हत खुर्चीत बसली.

सकाळपासून तिने मेआल्याडा गावच्या हॉटेलात डुकराची नऊ दूधपिती पिल्लं भाजली होती. पोटात लसूण-मिऱ्यांचं वाटण भरायचं, सळईवर चढवायचं आणि भट्टीपुढे आपणही भाजून निघायचं. दर रविवारी त्यातला एक वाटा कागदात बांधून ती घरी आणायची. त्यासोबत उकडलेले बटाटे, संत्र्याच्या फोडी आणि बेल्मीरुची वाईन. ती प्यायली की इदालिनाचं एकच मत, "दात आंबले." पेलाही एकच, नवऱ्याचं मन राखण्यापुरता.

बागा ही द्राक्षाची जात मोठी हट्टी. पिकते उशिरा, साल पातळ, पाऊस लागला की घड कुजलेच. कोवळी वाईन तर तोंड सोलून काढते. शेजाऱ्यांनी आपल्या वेली केव्हाच उपटल्या. बेल्मीरु म्हणायचा, "वीस वर्षं थांब." थांबायचं काम त्याचं, छाटणी, तोडणी, टोपल्या वाहणं निम्म्याहून जास्त इदालिनाच्या गळ्यात.

गेल्या वर्षी त्याच्या अंगावरून वारं गेलं. डावा हात गेला, चवही गेली. मीठ आणि साखर त्याला सारखीच. उद्या पुतण्या टेल्मो यंत्र आणून वेली उपटणार होता, पण शेवटचा होकार अजून बाकी होता. तो बेल्मीरुने आजच्या, एकवीस वर्षं ठेवलेल्या बाटलीवर सोडला होता.

"तू सांगशील ते खरं. माझी खोटी तारीफ तू कधीच केली नाहीस."

इदालिनाचं उत्तर भट्टीपुढेच ठरलं होतं. दात आंबले म्हणायचं, की सुटलो. नाहीतर उद्यापासून पुन्हा कात्री घेऊन एकटीने वेलींपुढे वाकायचं.

तिने कुरकुरीत कातडं चावलं आणि घोट घेतला. तुरटपणा होता, पण चरबी धुऊन नेण्यापुरताच. मागे सुकवलेल्या चेरीची चव राहिली. तिने आणखी एक तुकडा खाल्ला, आणखी एक घोट घेतला. बघता बघता पेला संपला. तिला भयंकर राग आला. मेल्याने एवढी वर्षं हे सांगितलं आणि ते खरं निघालं, तेही त्याची जीभ गेल्यावर.

"काय गं? आंबले ना दात?" टेल्मोला कळवायला बेल्मीरुने फोन हातात घेतला होता.

छान आहे म्हटलं असतं तर त्याला ती कीव वाटली असती. गुडघे ठणकत होते. खिडकीबाहेर न छाटलेल्या वेलींच्या रांगा उभ्या होत्या.

तिने रिकामा पेला त्याच्यापुढे सरकवला.

"ओत अजून."

बेल्मीरुने फोन खाली ठेवला आणि उजव्या हाताने बाटली उचलली. डाव्या हाताने पेला धरता येत नव्हता, म्हणून तिने पेला दोन्ही हातांनी धरून ठेवला.