एक धडधाकट गुलाम

रमजानच्या भर दुपारी दातू अमिलासानला धीर धरवला नाही आणि रोजा असताना तो धाकट्या बायकोच्या खोलीत शिरला. पाप त्याचं, पण ईद झाल्यावर अंगणात उभं राहावं लागलं तुमा नावाच्या त्याच्या बटकीला. प्रायश्चित्त ठरलेलं होतं: एक मुसलमान गुलाम मोकळा करायचा. दातू म्हणजे सरदार; सुलू बेटांच्या किनाऱ्यावरच्या या सरदाराकडे चाळीस गुलाम होते. त्यातून त्याने नेमकी तुमा निवडली, कारण उजव्या हाताला अंगठा नसलेली बाई फारशा कामाची नव्हती. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात ते हेच.

तुमाला मात्र देव पावल्यासारखं झालं. बारा वर्षांची असताना तिला विसाया बेटांच्या किनाऱ्यावरून होडीत कोंबून आणलं होतं. नवरा मोत्यांसाठी बुड्या मारता मारता समुद्रातच राहिला. कडेवर दहा महिन्यांचा साहिरान. बटकीचं पोर, म्हणून तोही दातूचाच गुलाम. आधी आपण सुटायचं, मग मरमर मरून पोराला सोडवायचं, असं तिने ठरवून टाकलं होतं.

"हात झाकून ठेव," दातूने सकाळीच बजावलं होतं. तिने फडकं गुंडाळलं.

गुलाम प्रायश्चित्ताला चालतो का हे तपासायला आलेला काझी म्हातारा आणि बोलायला गोड. त्याने तिच्याकडून कलमा म्हणवून घेतला. मग चालून दाखवायला लावलं, वाकायला लावलं, तोंड उघडायला लावलं. बैलबाजारात बघतात तसे दात पाहिले. मग नजर फडक्यावर गेली.

"हे काय गं?"

"भाजलंय, काझीसाहेब."

"सोड बघू."

गेल्या साली समुद्रकाकड्या, म्हणजे उकडून-वाळवून विकायचे समुद्रातले मऊ जीव, चिरताना तिला सुरी लागली होती. हात सुजून काळा पडला, तरी दातूने तीन दिवस तिला त्या उकडायच्या हंड्यापासून हलू दिलं नाही. चौथ्या दिवशी अंगठा तोडावा लागला.

"अंगठा नाही म्हणजे हात अधू. अधू गुलाम चालत नाही, दातू," काझी म्हणाला. "मोकळं केलेल्या माणसाला स्वतःच्या हाताने पोट भरता आलं पाहिजे. कायद्याला तिची काळजी आहे."

"अंगठा यांच्याच हंड्यापायी गेला," तुमा म्हणाली.

"तुला कुणी विचारलं?" दातू खेकसला.

"कसा गेला हा प्रश्न नाही, पोरी," काझी समजावणीने म्हणाला. "आहे का, एवढंच बघायचं."

"म्हणजे आता कामाचा माणूस घालवू? काहीतरी तोड काढा, काझीसाहेब," दातू म्हणाला.

काझीने कडेवरच्या पोराकडे पाहिलं. "हा धडधाकट आहे की. मूल चालतं. आज ना उद्या मोठं होणारच."

त्याने साहिरानची बोटं मोजली. दहाच्या दहा. दातू खो खो हसला. सुंठीवाचून खोकला गेला! त्याने पोराच्या डोक्यावर हात ठेवला, अल्लासाठी तू मोकळा म्हणाला, आणि जमलेल्यांनी वाहवा केली. तुमाने पोराला उराशी घट्ट धरलं. आपलं राहू दे, हा तर सुटला. ती रडत होती आणि हसतही होती.

"आता त्याला इकडे दे," काझी म्हणाला.

"का?"

"स्वतंत्र मुलाला सांभाळायचा हक्क बटकीला नाही. तुझा वेळ तुझा कुठे आहे? मालकाचा. पोराकडे बघणार कोण?"

दातूची विधवा बहीण पुतली पुढे झाली आणि तिने मूल ओढून घेतलं. तिला मूलबाळ नव्हतं.

"अंगावर पितो हो तो," तुमा म्हणाली.

"दूध तरी तुझं कुठलं? दादाचंच. विचार त्याला."

"पाजू दे दिवसातून दोनदा," दातू म्हणाला. "काम आटोपल्यावर." याही मेहेरबानीला लोकांनी माना डोलावल्या. शिसारी येते असल्या मानांची.

दुपारी छाती ठणकायला लागली तशी तुमा घराच्या पायऱ्या चढून गेली. आत साहिरान घसा फोडत होता. पुतली दारात आली.

"काम आटोपलं?"

"नाही."

"मग आलीस कशाला?" दार लागलं.

तुमा पायरीवर बसली आणि तिने छाती पिळली. मालकाचं दूध मालकाच्या पायरीवर सांडत राहिलं, आणि आत पोर रडतच होतं.