खाली बसायचं काय?

"खाली बसायचं काय, डॉक्टर?" मी तिसऱ्यांदा विचारलं. खुबा माझा झिजलेला, पण माझं ऐकतो कोण!

माझे दोन्ही मुलगे टेबलावर मांडलेल्या कृत्रिम सांध्यांवर वाकले होते. मोबाईल घ्यायला आल्यासारखे. धातूचा की सिरॅमिकचा? सिमेंट लावून की बिनसिमेंटचा?

"सिरॅमिकच घेऊ. पंचवीस वर्षं बघायला नको," थोरला म्हणाला.

"आणि मी गेल्यावर सांध्याचं कोण करणार रे?" मी म्हटलं. डॉक्टर तेवढे हसले. मग माझ्याकडे वळले.

"आजी, हाडावर नुसती टोपी बसवली, तर काही जण मांडी घालतातही. पण तुमचं हाड ठिसूळ आहे, टोपीखाली मोडेल. पूर्ण सांधाच बदलावा लागेल. दुखणं जाईल, चालाल. जमिनीवर मात्र बसायचं नाही, सांधा निखळेल."

"आई, आता कशाला बसायचंय खाली?" धाकटा म्हणाला.

कशाला म्हणे! माझ्या पाळणाघरावर दोघं शिकले. सतरंजीवर बसायचं, एक पोर मांडीवर, दुसरं पाठीला लोंबकळतंय. जन्म त्यात गेला. पण मागे एकदा पाळणाघरातला छकुला रांगत उघड्या दारातून जिन्याकडे निघाला आणि मला उठताच येईना. जिवाच्या आकांताने ओरडले. शेजारीण धावली म्हणून पोर वाचलं. तेव्हापासून माझा माझ्यावरच विश्वास राहिला नाही. पोरांमागे धावता तरी यायला हवं.

"बसवा सिरॅमिकचा," मी म्हटलं.

आता दुखत नाही. जिनाही चढते. जो तो म्हणतो, आजी, सोनं झालं. डोंबलाचं सोनं!

पाळणाघर आता धाकटी सून बघते. सतरंजीवर ती, भिंतीशी उंच खुर्चीत मी. परवा छकुला झोपेला येऊन किरकिरायला लागला. "ये रे राजा," मी हात पसरले. तो सतरंजीवर माझ्या जुन्या जागेशी गेला, घुटमळला. मग सुनेच्या मांडीत शिरला.

त्याचा खुळखुळा माझ्या खुर्चीखाली राहिला होता. वाकायची बंदी. मी काठीने तो त्याच्याकडे ढकलला.

"आवाज नका करू आई, झोपतोय तो," सून म्हणाली.

मी काठी मांडीवर आडवी घेतली आणि बसून राहिले.