एक तास कमी पडलेला रविवार

मी एक जुना, काळाकुट्ट, एका कोपऱ्यात चेपलेला ओव्हनचा ट्रे आहे. मित्रांनो, माझ्याकडे बघून कुणी कौतुक करावं असं आता माझ्यात काही उरलेलं नाही, हे मला ठाऊक आहे. पण नाक मुरडण्याआधी माझी हकिकत ऐकून घ्या. इंग्लंडातल्या यॉर्कशरच्या डोंगरातल्या एका गिरणीच्या गावात मी चाळीसहून अधिक वर्षं एका घराचं रविवारचं जेवण रांधलं आहे. बढाई मारत नाही, जे घडलं तेच सांगतो.

माझा जन्म कारखान्यात झाला. पोलादाचा जाड पत्रा यंत्राखाली सरकवला, एक दणका बसला आणि मी झालो. चार भिंती, दोन कान आणि वर झाकण. तेव्हा मी इतका चकचकीत होतो की दुकानातल्या बाया माझ्यात बघून टोपी सारखी करायच्या. आयव्हीच्या मावशीनं मला तिच्या लग्नाच्या आहेरासाठी विकत घेतलं. आयव्ही आणि तिचा नवरा वॉल्टर दोघंही लोकरीच्या गिरणीत कामाला होते. वॉल्टरनं मला उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाला, "हा भरेल एवढं मांस आपल्याला कधी परवडायचं?"

"मांस कमी पडलं तर गाजरं भरू," आयव्ही म्हणाली.

तिनं तसंच केलं. खाटकाकडून ती बैलाच्या छातीकडचा चिवट तुकडा आणायची. इतर बायका त्याकडे ढुंकून बघत नसत. त्याला मीठ, मोहरीची पूड आणि थोडं पीठ चोळायची. माझ्या तळाशी कांद्याच्या जाड चकत्या, त्यावर गाजर, सलगम, पार्सनिप म्हणजे गाजरासारखा पांढरा कंद, आणि बटाट्याचे मोठे तुकडे, त्यावर ते बीफ, पेलाभर पाणी आणि झाकण. रविवारी सकाळी आठच्या ठोक्याला मी मंद आचेवर आत जायचो आणि दुपारी एकला बाहेर यायचो. मधल्या वेळात घरचे चॅपलला, म्हणजे गावातल्या छोट्या चर्चमध्ये प्रार्थनेला, जात. आमच्या पाद्रीबाबांचं प्रवचन संपता संपत नसे. बाकीच्या बायकांचा जीव खालीवर व्हायचा, कारण त्यांचं महागातलं मांस घरी कोरडं पडत असायचं. आयव्ही मात्र निवांत बसलेली असायची. "बोलू दे की त्यांना," ती म्हणायची. "माझं मांस माझ्यापेक्षा सोशीक आहे."

झाकण उघडलं की कसा वास सुटायचा म्हणून सांगू? पार्सनिपच्या कडा तपकिरी होऊन गोड झालेल्या असायच्या. सलगम चमच्यानं मोडायचं. मांसाला सुरी लावावी लागत नसे. एकदा पाद्रीबाबा जेवायला आले आणि तिसऱ्यांदा वाढून घेताना त्यांनी आयव्हीचं कौतुक केलं. ती म्हणाली, "श्रेय ट्रेचं आहे, मी तर चॅपलमध्ये तुमचं ऐकत होते." मला किती बरं वाटलं म्हणून सांगू!

माझा कोपरा कसा चेपला ते सांगायला हवं. एका हिवाळ्यात डोंगरउतारावर गुडघाभर बर्फ पडला होता. वॉल्टरनं गुपचूप मला उचललं, चार वर्षांच्या जूडिथला माझ्यात बसवलं आणि दिलं ढकलून. जूडिथ म्हणजे त्यांची एकुलती एक लेक. आम्ही दोघं थेट खालच्या दगडी कुंपणावर जाऊन आदळलो. पोरगी खिदळत होती, मी चेपलो होतो आणि आयव्ही दारात उभी होती.

"मांसाच्या भांड्यात पोर बसवतोस? अक्कल गहाण ठेवलीस का रे?"

"अगं, झाकण नव्हतं लावलं," वॉल्टर म्हणाला. त्या रविवारी त्याला गाजरंच जास्त मिळाली.

आयव्हीनं मला कधी तारेच्या घासणीनं खरवडलं नाही. गरम पाणी, मऊ फडकं, मग शेगडीजवळ कोरडं करायचं आणि शेवटी चरबीचा हलका हात फिरवायचा. माझं काळेपण तिच्या हाताचं आहे. ते काळेपण म्हणजे मळ नव्हे. कोळशाची शेगडी गेली, गॅसचा ओव्हन आला, गिरणी बंद पडली, जूडिथ लग्न करून चेस्टरला गेली. मी तिथेच होतो आणि दर रविवारी कामाला लागत होतो.

मग एका नोव्हेंबरात आयव्ही गेली. आठवडाभराचंच दुखणं होतं.

मित्रांनो, त्यानंतरचे तीन महिने मी मोरीखालच्या कपाटात काढले. माझ्या कानाला कोळ्यानं जाळं केलं. वॉल्टर उभ्या उभ्या डब्यातलं सूप गरम करायचा आणि उभ्या उभ्याच प्यायचा. मला त्याचा राग येत नव्हता. त्याला कधी अंडं उकडायची वेळ आली नव्हती, त्यात त्याचा एकट्याचा काय दोष? मला फक्त अंधारात आयव्हीची फार आठवण यायची.

फेब्रुवारीत जूडिथ आली. तिनं सुपाचे रिकामे डबे पाहिले आणि खुर्ची ओढून बसली.

"बाबा, हे काय जेवण झालं? कोट बघा किती सैल झालाय तुम्हाला. आमच्याकडे एक चांगला वृद्धाश्रम आहे. मार्चअखेर तिथे खोली रिकामी होतेय. मार्चच्या शेवटच्या सोमवारी होकार कळवायचाय."

वॉल्टरनं रिकामे डबे एकेक करून कचऱ्यात टाकले. मग म्हणाला, "त्याच्या आदल्याच दिवशी, रविवारी, आपला मार्चातला मातृदिन आहे. त्या दिवशी एकला जेवायला ये. तुझ्या आईसारखं बीफ करून घालतो. जमलं तर मला माझ्या घरात राहू दे. नाही जमलं तर मुकाट्यानं येतो."

"नक्की?"

"शब्द दिला."

ती गेल्यावर त्यानं मला बाहेर काढलं आणि माझ्यावरचं जाळं बोटानं पुसलं. शेजारच्या एनिडबाईंकडून त्यानं सगळी कृती कागदावर लिहून आणली. मातृदिनाच्या रविवारी त्यानं सलगम कापताना अंगठा कापून घेतला, पण आठच्या ठोक्याला मी आत होतो. चिमटीनं मीठ, मंद आच, घट्ट झाकण. काहीच चुकलं नव्हतं. तो नवा टाय लावून चॅपलला गेला.

चूक भिंतीवर होती. आमच्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी उजेड जास्त मिळावा म्हणून मार्चच्या शेवटच्या रविवारच्या आदल्या रात्री झोपण्याआधी घड्याळं तासभर पुढे करायची असतात. ते काम आयव्हीचं. ती स्टुलावर चढून काटे फिरवायची आणि वॉल्टरला पत्ताही नसायचा. या वर्षी ते काटे कुणी फिरवले नाहीत. त्याचे आठ म्हणजे जगाचे नऊ होते. तो चॅपलमध्ये पोचला तेव्हा शेवटचं भजन चाललं होतं, आणि तो पुस्तकात पान शोधेपर्यंत लोक उठायलासुद्धा लागले. "काय रे वॉल्टर, आज नुसता निरोप द्यायला आलास?" एनिडबाईंनी चिडवलं, आणि मग त्याचा चेहरा पाहून घड्याळाचं सांगितलं.

तो धापा टाकत घरी आला. झाकण उघडून त्यानं मांसात काटा टोचला. काटा आत जाईना. मग त्यानं तेच केलं जे घाबरलेला माणूस करतो. आच पूर्ण मोठी केली.

अरे, नको रे, असं मला ओरडावंसं वाटलं. चिवट मांसाला घाई केली की ते जास्तच आखडतं. पण ट्रेचं कोण ऐकतो? माझा तळ तापला, पाणी आटू लागलं, कांदे करपू लागले. इतक्या वर्षांत मला कधी एवढी भीती वाटली नव्हती. माझ्या पोटात त्या माणसाचं घर होतं.

एकला जूडिथ दारातून आत आली. तिच्या हातात आश्रमाचा अर्ज होता. तिनं एकदा वास घेतला आणि कोट न काढता सरळ ओव्हनपाशी येऊन आच कमी केली. मग झाकण उचलून पेलाभर पाणी घातलं. हे सगळं तिच्या हातांनी आपणहून केलं.

"कधी ठेवलंत?"

"आठला," वॉल्टर म्हणाला. मग भिंतीकडे बघत म्हणाला, "म्हणजे नऊला. घड्याळ राहिलं गं. ते तुझी आई करायची."

जूडिथनं चमच्यानं करपलेले कांदे बाजूला सारले.

"हरलो मी. दे तो कागद, सही करतो."

"अजून दीड तास लागेल," ती म्हणाली. "मला भूक लागलीये."

वॉल्टरनं पाव कापला. जूडिथनं पावाचा कडेचा तुकडा घेतला, माझ्या चेपलेल्या कोपऱ्यात साठलेल्या रसात बुडवला, वर मीठ भुरभुरलं आणि खाल्ला. खाता खाता ती रडू लागली. नोव्हेंबरात ती रडली नव्हती. तेव्हा तिला पाहुण्यांचं करायचं होतं, फुलांचं बघायचं होतं, बापाला सावरायचं होतं.

"आई मला असंच द्यायची," ती म्हणाली. "तुमच्या नकळत."

"नकळत कुठलं? मी मुद्दाम पेपर तोंडापुढे धरायचो."

ती रडता रडता हसली. मग ती दोघं त्या स्वयंपाकघरात दीड तास बसली. वॉल्टरनं तिला सांगितलं की रात्री पलंगाच्या एकाच कडेला झोपायची सवय मोडत नाही. तिनं सांगितलं की आईशी बोलायचं म्हणून ती अजून घरच्या नंबरावर फोन लावते, आणि बाबांनी उचलला की काय बोलावं ते सुचत नाही. अडीचला त्यांनी मला बाहेर काढलं. कांदे करपले होते, एक बाजू काळी पडली होती, पण काटा लावताच मांस सुटून आलं.

"आईसारखं नाही झालं," वॉल्टर म्हणाला.

"नाहीच झालं," जूडिथ म्हणाली आणि पुन्हा वाढून घेतलं. निघताना तिनं अर्ज पिशवीत टाकला, स्टुलावर चढून काटे तासभर पुढे सरकवले आणि वरूनच म्हणाली, "ऑक्टोबरात हे मागे करायचे असतात. तेव्हा मी येईन. तोवर दर रविवारी येतेच आहे."

वॉल्टर आणखी नऊ वर्षं त्याच घरात राहिला. आता तोही नाही. मी जूडिथकडे असतो, आणि माझ्या तळाला एक बारीक भोक पडलं आहे, म्हणून मला फळीवर ठेवलं आहे. मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. जुन्या भांड्याला घासून नवं करायला जाऊ नका. त्याला थोडा उबदार हात लावा. आणि तुमच्या घरात कुणी म्हातारं माणूस पहिल्यांदाच तुमच्यासाठी काही रांधत असेल, ते वेळेवर झालं नसेल, तर घड्याळाकडे बघू नका. कोट काढा आणि त्याच्यापाशी बसा.